सबनीस मास्तर आणि जर्मनीचं कॉफीचं यंत्र

घोडेगावात नृसिंह सबनीस मास्तरांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हायस्कुलात विज्ञान शिकवताना ते बाकांमधून येरझाऱ्या घालत, जेवताना तिसऱ्या घासाला उठून पाणी आणत, आणि घरी कुणी आलं की त्याला खुर्ची देऊन स्वतः खिडकीची कडी ठोकायला लागत. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेत, असं त्यांची बायको पुष्पावती म्हणायची. पण सासूबाई गेल्यापासून ती भिंगरी जास्तच जोरात फिरायला लागली होती, हेही तिनेच पाहिलं होतं.

मास्तरांची आई एकाहत्तर सालच्या वैशाखात गेली. धाकटा भाऊ शरच्चंद्र, घरातला शरद, जर्मनीत इंजिनियर. त्याला तार उशिरा गेली. का उशिरा गेली हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि शरदने विचारलं नाही. महिन्याभराने तो आला, आठ दिवस राहायचं म्हणून, आणि तिसऱ्या सकाळी "डोकं ठणकतंय रे दादा, मला कॉफी लागते सकाळची" असं म्हणून पुण्याच्या एसटीत बसला. मास्तरांनी ते कारण घट्ट धरून ठेवलं. कॉफीसाठी गेला म्हणजे दुसऱ्या कशासाठी गेला नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की असं काहीही पुरतं. मास्तरांनी तर तीही उभ्याउभ्याच घातली.

दोन वर्षांनी, गणपतीच्या सुमाराला, शरदने पुण्याच्या एका मित्राबरोबर खोकं पाठवलं. आत विजेवर चालणारं कॉफीचं यंत्र, कागदी गाळण्यांची चळत आणि चिठ्ठी: "दादा, पाणी भरायचं, पूड घालायची, बटण दाबायचं आणि बसायचं. बाकी सगळं ते करतं. मी दिवाळीनंतर आठ दिवस येतोय." मास्तरांनी चिठ्ठी यंत्राच्या वर भिंतीला डकवली. आठ दिवस! कॉफी जमली तर शरद राहील, नाही जमली तर पुन्हा पुण्याची गाडी. शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाभोवती फिरतं तसे ते त्या यंत्राभोवती फिरू लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी टाकीत दूध भरलं. हसू नका, आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ, हे विज्ञानाच्या मास्तरांनाही सुटलं नव्हतं. दूध आतल्या नळीत करपलं आणि पुढचे दोन दिवस घराला त्याचा वास होता. मग त्यांनी प्रयोगांची वही घातली. नगरहून आणलेली पूड पिठासारखी बारीक. ती कागदात चिखलासारखी बसली आणि पाणी वरून ओसंडून ओट्यावर आलं. तेव्हा भाजलेल्या बिया मागवल्या आणि पुष्पावतीला जात्यावर जाडसर भरडायला लावल्या, रव्याएवढ्या. "जन्मात कॉफी दळली नव्हती, तेवढी हौसही फिटली," ती म्हणाली. कागद नुसताच लावला तर कॉफीला कागदाची चव यायची. आधी गरम पाण्याने भिजवला की ती जायची. कपाला दोन सपाट चमचे पूड. सहा वाजता मळ्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवा पिवळा पडायचा आणि यंत्रातलं पाणी नुसतं कोमट यायचं, म्हणून साडेपाचच्या आत. झाली की लगेच थर्मासात. यंत्राच्या खालच्या तापत्या तव्यावर राहिली तर जळकी, कडू होते. सगळं वहीत तारखेनिशी लिहिलेलं. तरीही कॉफी सपकच लागायची आणि यंत्र दिवसेंदिवस जास्त खरखरायला लागलं.

शेवटी भांडी घासायला येणाऱ्या गोजरबाईने एक दिवस टाकीत डोकावून पाहिलं. आत पांढरा थर धरला होता.

"मास्तर, ह्या हिरीच्या पान्यात तुरीची डाळ शिजत न्हाई," ती म्हणाली. "जड पानी हाय. तुमची कापी काय व्हनार त्यात?"

"मग?"

"मी आनते की आमच्या मळ्यातलं. ग्वाड हाय."

मास्तर वरमले. वर्गात जड पाणी ते दरवर्षी शिकवत होते. त्यांनी लिंबाचा रस घालून यंत्र दोनदा चालवलं, थर सुटला, आणि गोजरबाईच्या कळशीतल्या पाण्याची पहिली कॉफी अशी उतरली, की पुष्पावतीनेसुद्धा दुधाशिवाय दोन घोट घेतले. मास्तरांनी तिसाव्या प्रयोगापुढे दोन रेघा मारल्या. आता शरद राहणार!

शरद आला. पहिल्या सकाळी मास्तर यंत्रापाशी पहारा देत उभे, आणि कॉफी उत्तम झाली. "वा! दादा, आमच्याकडेसुद्धा अशी होत नाही," शरद म्हणाला आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. तेवढ्यात मास्तर कपबश्या विसळायला गेले. दुपारी शरद काही बोलायला लागला तर मास्तरांना वर्तमानपत्र आठवलं. संध्याकाळी तो आईच्या फोटोपुढे उभा राहिला, तर मास्तर फोटोची काच पुसायला लागले. दुसरा दिवसही असाच गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे मास्तर उठून पाहतात तर दाराशी शरदची बॅग भरून ठेवलेली.

मास्तरांनी आधी यंत्राकडे पाहिलं. "कॉफी बिघडली का रे?"

"कॉफी छान आहे."

"मग पाणी? आज गोजरबाईला ताजं..."

 शरदने स्वतःच कागद भिजवून लावला, पूड घातली, पाणी भरलं, बटण दाबलं. मग मास्तरांचं मनगट धरून त्यांना भिंतीवरच्या चिठ्ठीपुढे उभं केलं.

"चार गोष्टी लिहिल्यात. चौथी वाच."

मास्तरांनी वाचली. पहिल्या तीन गोष्टींखाली त्यांनीच लाल रेघा मारल्या होत्या. शरदने त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर स्वतः बसला. यंत्र गुरगुरायला लागलं. थेंब पडायला लागले. मास्तरांचे पाय खुर्चीखाली हलत राहिले. हातांना काही काम नव्हतं, तेव्हा ते गुडघ्यांवर ठेवून द्यावे लागले. पाहायला समोर शरदशिवाय काही नव्हतं.

"तार मी उशिरा केली," ते म्हणाले. "आई बुधवारी पडली. मला वाटलं, उठेल. तुझी नोकरी नवी, उगाच कशाला धावत येशील. रोज पोस्टापर्यंत जायचो आणि परत यायचो. शनिवारी केली. रविवारी ती... तिने तुझं नाव घेतलं होतं, शरद. दोनदा."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तार उशिरा केलीस ते. तारेवर तारीख असते, दादा. आणि वहिनीच्या पत्रात आई पडली तो वार होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू बसलास कुठे?" शरदचा आवाज चढला. "दोन वर्षं राग आहे मला. अजून आहे. उभ्या माणसावर कसा काढू?"

मास्तर रडले. लाज न बाळगता, मोठ्याने रडले. आईच्या दहाव्याला ते मंडपाच्या दोऱ्या बांधत फिरले होते. शरदने त्यांना थांबवलं नाही. मग तोही रडला, आणि मध्येच विचारलं, "नाव कसं घेतलं? शरद म्हणाली की शऱ्या?"

"शऱ्या."

आतून पुष्पावती ओरडली, "अहो, कॉफी जळतेय!" मास्तर उठले नाहीत. मोटारी सुरू झाल्या, दिवा पिवळा पडला, तरी उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने शरदने दोन कप भरले. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कडू जहर झालीय. उद्या पुन्हा लावू."

मास्तरांनी दाराकडच्या बॅगेकडे पाहिलं, मग शरदकडे. दुसरा कप उचलला आणि बसूनच प्यायले.