अंतरपाट दूर होण्याआधी

हिच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट शेवटापर्यंत सांगितली नाही. धंदाच तसा होता, चित्रपटांचे ट्रेलर कापण्याचा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून त्यांची संपादनाची खोली आणि तालाला मामींचा कुकर. "वाफ हळूहळू धरू द्यायची आणि शिट्टी झाली की एकदम काळा पडदा. आत काय शिजलंय, हे बघायला लोकांनी यायचं!" लग्नालासुद्धा मामा अंतरपाट दूर व्हायच्या आत निघत, यजमान मागून "अहो, जेवून तरी जा" म्हणत धावत. स्वतःचं लग्न कसं जमलं, हेही "जिना चढलो, बेल वाजवली, दार उघडलं..." इथपर्यंत सांगून ते उठून जात. आतून मामी ओरडत, "अहो, त्याच्या पुढेच मी आहे!"

मी जन्मात एकच चित्रपट काढला. तो लावायचा की नाही, हे थिएटरचे मालक ट्रेलर बघून ठरवणार होते. मामांनी काय केलं, तर माझा नायक सावकाश जिना चढतो, मजल्यागणिक दृश्यं आखूड होत जातात, बोट बेलवर टेकतं, संगीत थांबतं आणि अंधार. संपलं!

"मामा, दार उघडलेलं दाखवा की! पुढचं लग्न किती सुंदर घेतलंय मी!"

"जावईबापू, ट्रेलर करताय की कोर्टात साक्ष देताय?"

पण मी हट्टाला पेटलो. दार, नायिकेचे अश्रू, लग्न, थेट बारशापर्यंत सगळं घातलं. वर प्रत्येक दृश्य पुढच्यात हळूच विरघळवलं, कारण 'डिझॉल्व्ह' हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकलो होतो. मालकांनी शांतपणे चष्मा पुसला. "छान आहे सिनेमा. आता थिएटरात काय दाखवणार?"

मी मान खाली घालून कोथरूडला परतलो. मामींनी कुकर लावला, मामांनी माझं बारसं कापलं. दुसऱ्यांदा ट्रेलर बघताना मालक खुर्चीच्या टोकावर आले. "अहो, पण दार उघडतं का?"

"लावा आणि बघा," मामा म्हणाले.

चित्रपट लागला. आठवडाभरात उतरलाही, कारण दार उघडल्यानंतरचं सगळं दिग्दर्शन माझंच होतं.

परवा कोथरूडला गेलो होतो. मामींना जाऊन वर्ष होत आलंय. चहा मामांनीच केला, अगोड. मग आपणहून सुरुवात केली, "जिना चढलो, बेल वाजवली, दार उघडलं..." सवयीने मी उठायला लागलो. मामा मात्र बसूनच होते.

"ती म्हणाली, 'बाबा बाहेर गेलेत. थांबता का?'" कपाकडे बघत ते म्हणाले, "थांबलो."

पुढे ते कितीतरी वेळ सांगत राहिले. फार लांबलं, मध्येमध्ये रेंगाळलंही. मला त्यातलं काहीच कापावंसं वाटलं नाही.