वाणाचा बटवा

संक्रांतीला यंदा विकतचं वाण लुटायचं नाही, घरी शिवलेले बटवे द्यायचे, असं मी ठरवलं होतं. जुन्या साड्यांचे काठ कापून तयार होते. शिलाई मशीन मात्र विचुंब्याला थोरल्या जाऊबाईंकडे होतं. नव्या फ्लॅटचे पडदे शिवायला त्यांनी नेलं होतं. परत आणून दिलं, चहा घेतला आणि गेल्या. मी शिवायला बसले तेव्हा कळलं, आतलं शटल तुटलंय.

पनवेलच्या बाजारातला मशीनवाला म्हणाला, एवढ्या जुन्या मशीनचा पार्ट आता सणानंतरच मिळेल. मग बसले हातानेच शिवत. बोटांची चाळण झाली. निळा दोरा संपला, म्हणून शेवटचा बटवा लाल दोऱ्याने पुरा केला. नेमका तोच जाऊबाईंच्या वाट्याला आला. उलटापालटा करून त्या म्हणाल्या, "हाताने शिवलास? वेळ बरा मिळतो बाई तुला."

रथसप्तमीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांना स्टीलचे डबे वाटून झाले होते. माझी पाळी आली तेव्हा डबे संपले. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी मला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाल्या आणि बटवा पुढे केला. अर्धा निळ्या दोऱ्याचा, अर्धा लाल.

वाणाला नाही म्हणत नाहीत. मी पदर पुढे केला.