तात्यांचं पथ्य

डॉक्टरांचा शब्द तात्यांइतका मानणारा रोगी आमच्या झरी गावात दुसरा झाला नाही. परभणीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि बजावलं, की गोळी आणि दारूची गाठ पडू द्यायची नाही. तात्यांनी ते तंतोतंत पाळलं. दारू रोज असायची, म्हणून गोळी कधीच घेतली नाही. "डॉक्टरचं ऐकाया नको का?" असं वर मलाच विचारायचे.

तात्या माझे चुलते. गावात कुणाकडेही कार्य असो, माईक त्यांच्या हातात. लग्नाच्या मांडवात कोण कुठल्या गावचा, कुणाचा जावई, कुणाचा साडू, हे कागद न बघता पुकारायचे आणि एकेकाला फेटा बांधायला बोलवायचे. राणीसावरगावचा पाहुणा मागे कोपऱ्यात दडला तरी त्याला आजोबाच्या नावासकट उभा करायचे. नाव राहिलं म्हणून रुसलेला पाहुणा त्यांच्या कारकिर्दीत झाला नाही. "आवाजाला वंगण लागतंय, बापू," असं म्हणून कार्याआधी घ्यायचे, कार्यानंतर घ्यायचे, आणि कार्य नसलं तर त्या दुःखात घ्यायचे.

वैद्यकशास्त्रातही त्यांनी मोलाची भर घातली होती. रोजच्या दारूनं रक्तदाब चढतो, लकवा मारतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. "उलट हाय. दारूनं रक्त पातळ ऱ्हातंय. मग गुठळी व्हायचा सवालच न्हाई," ते म्हणाले आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. काकू बिचाऱ्या रोज तांब्याशेजारी गोळी ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा ठेवायच्या.

श्रावण मात्र कडक. महिनाभर थेंब नाही. आता तरी गोळी पोटात जाईल, असं काकूंना वाटलं. तात्या म्हणाले, "दारूच बंद हाय, मग गोळी कशाला?" काकूंनी गोळी पुन्हा तांब्याशेजारी ठेवली.

त्याच श्रावणात मंदिरात सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन झालं, दुपारी पहिली पंगत बसली. तात्या माईकवरून वाढप्यांना हाका मारत होते आणि एकाएकी त्यांची जीभ जड झाली. शब्द शब्दाला लागेना. तोंड एका बाजूला ओघळलं, माईक हातात राहीना. भोंग्यावरून हे अख्ख्या गावानं ऐकलं आणि अख्खं गाव हसलं. "सरावणात बी सोडली न्हाई म्हाताऱ्यानं!" कुणीतरी ओरडलं. मीही हसलो. मग लाज वाटून पुढे झालो, माईक काढून घेतला आणि त्यांना मंदिरामागच्या खोलीत नेऊन निजवलं. उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं त्यांनी माझी बाही घट्ट धरली, काहीतरी सांगायला धडपडत होते. "पडा तात्या, उतरेल," असं म्हणून मी बाही सोडवली आणि दार ओढून वाढायला गेलो. त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहावा, एवढी अक्कल मला सुचली नाही.

दिवेलागणीला काकू ताट घेऊन गेल्या, त्यांच्या किंकाळीनं आम्ही धावलो.

"हे कधी सुरू झालं?" परभणीत डॉक्टरांनी विचारलं.

"दुपारी. पहिल्या पंगतीला."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

"प्यायलेत असं वाटलं."

"प्यायले होते?"

काकू म्हणाल्या, "महिना होत आला, थेंब न्हाई."

वर्षानुवर्षांची दारू आणि न घेतलेल्या गोळ्या महिन्याभराच्या उपासानं फिटत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पण लगेच आणलं असतं, तर वाचा कदाचित राहिली असती.

तात्या पुढे दीड वर्ष जगले, बोलले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. नवा माणूस कागद बघून नावं पुकारत होता. एक नाव राहिलं. ते एकट्या तात्यांच्या लक्षात आलं. डावा हात मागे दाखवत ते माझ्याकडे बघून ओठ हलवू लागले. मी खाली बसलो, त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. नुसता श्वास येत होता. मागे सेलूचे पाहुणे रुसून निघाले होते, आणि मी तात्यांना म्हणत होतो, "सांगा तात्या, मी ऐकतोय."