न हुंगलेली फुलं

माझ्या वहिनीच्या घराला वास नाही. काशीत राहून हे जमवणं सोपं नव्हे. आमच्या गल्लीत सकाळी कचोरीचं तेल तापतं, मग झेंडूचे हार येतात, त्यांच्यामागे शेण, ओला दगड, उदबत्त्या. आणि दक्षिणेचा वारा सुटला की मणिकर्णिकेच्या चितांचा धूर संकठा घाटावरून थेट गल्लीत शिरतो. या सगळ्यातून वहिनीच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की नाकाला सुट्टी. साबण बिनवासाचा, अंगाला पावडर नाही, केसांत गजरा नाही. देवापुढे उदबत्ती तेवढी माझा भाऊ लावतो, आणि ती लागली की वहिनी काहीतरी काम काढून जिन्यात जाते. नाव मात्र बकुळ. आईबापांनी काय विचार करून ठेवलं असेल, देव जाणे.

मी निवेदिता, तिची नणंद. रेल्वेच्या कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, आता निवृत्त आहे आणि दोन गल्ल्या सोडून राहते. वहिनीच्या संसारात नाक खुपसायला मला भरपूर वेळ असतो.

वहिनी रामघाटावरच्या ढुंढिराज गुरुजींची मुलगी. वडलांच्या पूजेची फुलं काढायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. आमच्या घरांतून एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो, की देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही, हुंगलं की ते उष्टं. लहानपणी मीही तो पाळला आणि परडी खाली ठेवली की विसरून गेले. वहिनी विसरली नाही. ती भाजी घेतानाही तोंडाने श्वास घेते. माझा भाऊ बिंदुमाधव, म्हणजे आमचा दादा, वेदपाठशाळेत शिकवतो. तिथल्या मुलांचा स्वयंपाक वहिनीने कितीतरी वर्षं केला, तो फोडणीचा आवाज ऐकून आणि डाळीचा रंग बघून. एकदा दूध पार करपलं, समोरच्या घरातली माणसं सांगत आली, आणि ही गॅसशेजारी बसून वाती वळत होती. आम्ही तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं. तीही हसायची. बाईचं नाकच मंद आहे, असं मी धरून चालले होते.

मग गेल्या उन्हाळ्यात ईशानी बाळंतपणाला माहेरी आली.

ईशानी वहिनीची एकुलती एक मुलगी. लखनौला असते, नवरा कुणाल बँकेत. आधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. या खेपेला सातवा लागला होता, पण उलट्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. कशाचाही वास आला की पोटातलं सगळं बाहेर. डोहाळजेवण करू, फुलांची वाडी भरू, असं मी म्हटलं तर तिने फुलांच्या नावानेच तोंड फिरवलं. सगळ्यांत वाईट तो धूर. खिडकी लावली तर उकाड्याने जीव जायचा, उघडली तर धूर यायचा, आणि पोरगी वहिनीच्या कुशीत तोंड खुपसून पडायची. वहिनीच्या अंगाला वास नसतो ना, म्हणून. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की हिचं वजन वाढत नाही आणि बाळाचंही वाढत नाही. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि मग काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

त्या दिवसापासून घरात सगळे हळू बोलायला लागले.

कुणालने लखनौहून सुगंधी मेणबत्त्या आणि खोलीत फवारायची बाटली पाठवली. ईशानी म्हणाली, हा तर दवाखान्याचा वास आहे, आणि उठून मोरीकडे पळाली. मी माझ्या आवडीचं मोगऱ्याचं अत्तर नेलं. त्याचीही तीच गत. तिला स्वतःला अत्तरवाल्याकडे न्यायची सोय नव्हती, कारण तिथे शंभर वास एकदम अंगावर येणार. शेवटी तीच वहिनीला म्हणाली, "आई, तू जा. तुला जो पसंद पडेल तोच आण. माझं नाक तुझ्यावरच गेलंय. तुला चालेल ते मला चालेल."

वहिनीच्या हातातली वाटी खाली ठेवताना वाजली. मला वाटलं, दमली असेल.

चौकाजवळच्या गल्लीत एका अत्तरवाल्याकडे मी तिला घेऊन गेले. त्याने गादीवर बसवलं, एकेका कुपीतली काडी काढून तिच्या मनगटावर टेकवली आणि म्हणाला, "सूँघिए माताजी, आराम से." वहिनी मनगट नाकाशी नेत होती, मान हलवत होती आणि प्रत्येकाला छान आहे म्हणत होती. गुलाबाला छान, केवड्याला छान, आणि चुकून नुसती कोरडी काडी लागली तिलाही छान. मग माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ विलग आहेत. ती वास घेतच नव्हती. तिकडे पोरगी सुकत चालली होती आणि ही बाई इथे नाटक करत होती. मला असा संताप आला की मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, गल्लीतल्या एका बंद दुकानाच्या चौथऱ्यावर बसवलं आणि विचारलं, हे काय चाललंय.

 ती बोलली ती खाली बघून, सलग, कधीपासून पाठ करून ठेवल्यासारखी.

नऊ-दहा वर्षांची असताना एका सकाळी परडीतली जाईची फुलं तिला राहवेना म्हणून तिने हुंगली. नुसती हुंगली नाहीत, परडीत तोंड घालून हुंगली. वडलांनी पाहिलं. रागावले नाहीत, परडी गंगेत सोडून दुसरी फुलं आणवली. पण त्याच पावसाळ्यात तिची आई विषमज्वराने गेली, आणि घाटावरून परत आल्यावर काकू सगळ्यांसमोर बोलली की देवाच्या आधी हुंगलंस, म्हणून त्याने आईला नेलं. काकूला ते वाक्य संध्याकाळपर्यंतही आठवलं नसेल. वहिनीला जन्मभर पुरलं.

"लग्नानंतर ह्यांनी एकदा गजरा आणला होता," ती म्हणाली. "मला दिवस गेले होते. वाटलं, हा काही पूजेतला नाही. घेतला वास. फार आवडला, निवेदिता. आणि ते मूल राहिलं नाही. मग ईशानीच्या वेळी मी कशाचा म्हणजे कशाचा वास घेतला नाही. म्हणून ती आहे."

मी तिची नणंद, इतकी वर्षं रोज येणारी जाणारी, आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं. वहिनी कधी गजरा का माळत नाही, याचा विचार मी केला नव्हता. काकू केव्हाच वर गेलेली होती, नाहीतर त्या दिवशी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते. वहिनीला मी समजावलं. टायफॉइड पाण्यातून होतो, पहिली खेप पुष्कळ बायकांची जाते, फुलांचा आणि त्याचा काय संबंध. ती ऐकून घेत होती आणि पदराने मनगट घासत होती. कातडी लाल झाली तरी थांबेना.

"मला जे आवडतं ते तो घेतो," एवढंच ती म्हणाली. "आणि आता माझी पोर म्हणतेय, आवडेल ते आण."

तेवढ्यात दादाचा फोन आला. ईशानीच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. उद्या सकाळी दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. वहिनीने ते माझ्या चेहऱ्यावरच वाचलं असावं. ती उठली, पदर खोचला आणि मी मागून येतेय की नाही हे न बघता परत दुकानात शिरली.

या वेळी तिने तोंड मिटून घेतलं. मग नाकाने श्वास आत ओढला. गुलाब तिला गोडगोड आणि कोंदट वाटला. केवड्याने कपाळ दुखलं. चंदनाची काडी तिने जवळच येऊ दिली नाही, ते देवाचं म्हणाली. मोगरा जवळ येताच तिचा रंग उडाला आणि मी ती कुपी बाजूला सारायला लावली. एक हिरवट कुपी राहिली होती, वाळ्याची. काडी टेकवली. वहिनीने वास घेतला, आणि कुणी काही विचारायच्या आत पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. तिचे खांदे खाली आले. मी तिला इतक्या वर्षांत अशी सैल बसलेली पाहिली नव्हती.

"हा," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी आम्ही खिडकीला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर पाणी मारलं आणि अत्तराचा बोळा ईशानीच्या उशाशी ठेवला. धूर आलाच नाही असं नाही, पण पडद्यातून येईपर्यंत तो निवला. ईशानी झोपली. उठली तेव्हा तिने मऊ भात मागितला आणि तो पोटात राहिला. दवाखान्यात न्यायचं टळलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही, कबूल करते, संकठादेवीच्या देवळात जाऊन पाया पडून आले.

आनंद झाला नाही तो एकट्या वहिनीला. ती ईशानीच्या उशाशी बसून तिच्या पोटाकडे बघत राहायची. बाळ हललं का, किती वेळापूर्वी हललं, आता का नाही हलत. पोरगी जिना उतरायला लागली की ही पुढे दोन पायऱ्या उलटी उतरायची. मी काही बोलायला गेले तर म्हणायची, "आवडलाय मला तो वास. तुला कळत नाही." आणि एक दिवस मी बाजारात आणि ईशानी झोपलेली असताना ती अत्तराची कुपी घेऊन घाटावर गेली आणि गंगेत टाकून आली. खिडकीचा पडदाही काढून गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी ईशानीच्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या.

मग वहिनी पुन्हा अत्तरवाल्याकडे गेली. मला न सांगता, एकटी. आली तेव्हा कुपी पदरात बांधलेली होती आणि चेहरा घामेजलेला. मी तिला तेव्हा चिडवलं नाही. ज्या गोष्टीला आपण इतके भितो, ती करायला एकट्याने चौकापर्यंत चालत जाणं माझ्याने झालं नसतं.

बाळ वेळेआधी आलं. मुलगी, मुठीएवढी. काही दिवस काचेच्या पेटीत होती आणि वहिनी त्या बंद दाराबाहेरच्या बाकावर पाणीही न पिता बसायची. देवाला नवस बोलली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्याला माझी आठवण नको करून द्यायला.

शेवटी पोरगी बाहेर आली. खोलीत आम्ही सगळे होतो. दादाने तिला दोन्ही हातांवर घेतलं, टाळूशी नाक नेलं आणि डोकं हुंगलं. वडीलधाऱ्याने लेकराला आशीर्वाद द्यायची ही आमची जुनी रीत. त्याने हळूच मंत्र पुटपुटला. मग कुणालने हुंगलं, मग मी. मग ईशानीने तिला आईच्या ओच्यात ठेवलं.

वहिनीने तोंड उघडं ठेवलं होतं. ईशानीला ते कळलं नाही. ती हसून म्हणाली, "आई, हुंग की. तुझा आशीर्वाद नको का हिला?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. खोलीत ते गुपित ठाऊक असलेली मी एकटीच होते. काही होत नाही, घे, असं मला म्हणायचं होतं. पण पोरीचे पाय काडीसारखे होते, आणि मी नुसतं त्यांच्यावर दुपटं ओढलं.

वहिनी खाली वाकली. तिने ओठ मिटले, टाळूला नाक लावलं आणि श्वास आत घेतला, कितीतरी वेळ. मान वर केली तेव्हा तिचा सगळा चेहरा ओला होता.

"फार आवडली," ती मला ऐकू येईल इतकंच बोलली. "निवेदिता, फार आवडली. आता?"

"आता काही नाही," मी म्हणाले. "आता भीती वाटत राहणार. मलाही वाटतेय."

ईशानीने बाळ परत घ्यायला हात पुढे केले. वहिनीने दिलं नाही.