उदगीरकडचा ढग

हवाई दलातून बाहेर पडल्यावर मी ढगांचा अभ्यास धरला. लढाऊ विमान चालवणारा गडी आता आभाळात मीठ पेरत हिंडतो म्हणून मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. मलाही गंमत वाटायची. मग दुष्काळ माझ्याच मुलखात पडला आणि गंमत संपली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या. आमचं लहानसं विमान नांदेडच्या धावपट्टीवर उभं असायचं, पोटात बारीक दळलेलं मीठ घेऊन. ते ढगात सोडलं की थेंब मोठे होतात आणि पाऊस पडतो, असं आम्हाला वाटत होतं. वाटत होतं, माहीत नव्हतं. तेच माहीत करून घ्यायला आलो होतो.

त्यासाठीचा नियम मीच घातला होता. दोन पट्टे आखले, एक नांदेडकडचा, एक उदगीरकडचा. रोज सकाळी चिठ्ठी टाकायची. निघेल त्या पट्ट्यात मीठ सोडायचं, दुसऱ्यात ढगांतून नुसतं हिंडून मापं घ्यायची. निवड माणसाच्या हाती दिली की तो भरलेला ढगच निवडणार, आणि मग पाऊस मिठानं पडला की आपसूक, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

माझं गाव उदगीरकडच्या पट्ट्यात होतं. तिथं आप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच राहत. त्यांनी महादेवाच्या देवळात बसून अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, "आमचा पोरगा पाऊस घिऊन यायलाय." लोक हसले. विमान आलं की ढग पळतात, अशी तिकडं सगळ्यांची खात्री. जन्मभर कमावलेला शब्द आप्पांनी माझ्यासाठी पणाला लावला होता.

त्या दिवशी चिठ्ठी नांदेडची निघाली, आणि नांदेडवर आभाळ निरभ्र. दुपारी उदगीरकडं एकच ढग उभा राहिला, आमच्या गावाच्या बरोबर डोक्यावर, बुडाला काळा. मी त्यात शिरलो. विमान हादरत होतं, काचेवर थेंब फुटत होते, मीठ सोडायचा खटका हाताशी होता. शेजारचा सहकारी माझ्याकडं बघत होता. मी मापं घेतली आणि विमान वळवलं. ढग न बरसताच विरून गेला.

सुट्टी मिळाल्यावर गावी गेलो. आप्पा देवळाच्या पायरीवर बसले होते. मागं गाभारा पाण्यानं भरलेला. पिंड बुडवली की पाऊस येतो म्हणून टँकरच्या पाण्यातली एकेक घागर घरोघरच्यांनी आणून ओतली होती.

"त्या दिशी इमानात तूच व्हतास ना?"

"होय."

"मीठ टाकलंस?"

मी सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. त्यांनी मन लावून ऐकलं. ऐकताना गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं.

"पिंड बुडवून पाऊस येतो का न्हाई, मला तरी कुठं ठावं हाय? पर म्या चिठ्ठी न्हाई टाकली. प्यायचं पाणी आणून वतलं."

"आप्पा, मीठ टाकून पडलाच असता असं नाही."

"नसता पडला तर नसता पडला. टाकायचं तरी व्हतंस."

नियम बरोबर होता. आजही मी तोच घालीन. पुढं सगळी मापं मांडून झाली, तरी मिठानं पाऊस पडतो की नाही हे आम्हाला छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण त्या दिवशी मी नुसता पायरीवर आप्पांच्या शेजारी टेकलो.

तेवढ्यात शेजारचे म्हातारे आले. "शरणार्थी आप्पा," असा आम्हा लिंगायतांचा नमस्कार त्यांनी घातला, आणि मला न्याहाळत विचारलं, "मागं ते इमान आलतं, ते ह्येचंच का?"

आप्पांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "ते दुसऱ्या कुणाचं तरी व्हतं. आमचा असता तर टाकून गेला असता."