रोहीचं पिल्लू घाटंजीला निघालं

छप्पन साली बाबा नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले आणि आमच्या घरातले देव गेले. देवांबरोबर मायच्या गोष्टीही गेल्या, हे मात्र आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मायच्या साऱ्या गोष्टी देवांच्या, उपासांच्या, नवसांच्या.

धाकटी बहीण पाच वर्षांची. घाटंजीजवळच्या वावरात कापूस वेचायला जाताना तिलाही न्यावं लागे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसून ती म्हणाली, "माय, गोष्ट सांग ना वं."

"त्या गोष्टी आता आपल्या नाई राह्यल्या."

"मंग आपल्या कोणत्या?"

मायचा हात बोंडावरच थांबला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नव्या बनवा लागतीन," आणि पुन्हा वेचायला लागले.

बनवणार कोण, ते ठरलंच नाही. बहीण रडायला लागली. मी तेव्हा बारा वर्षांची. तिला गप्प करायला मीच सुरुवात केली. एक रोहीचं पिल्लू होतं. रोही म्हणजे पिकात शिरणारी नीलगाय, ती तर आम्ही रोज पाहायचो. कापसानं भरलेल्या बैलगाड्या जातात तरी कुठं, हे पाहायला ते पिल्लू त्यांच्यामागं घाटंजीच्या जिनाकडं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडं निघालं.

"कुत्रे काहून नाई भुकले त्याच्यावर?" रडणं सोडून बहिणीनं विचारलं.

मग कुत्रे आणावे लागले. कुत्रे आले म्हणून पिल्लाला सरकीच्या ढिगात लपवावं लागलं. ढिगात लपलं तर श्वास कसा घेईल, हा पुढचा प्रश्न तयारच होता.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. फुटलेली बोंडं झाडावर तशीच सोडून मी पुढं जायची. शाळेत पाढे म्हणताना मनात पिल्लाला जिनाबाहेर काढायची धडपड चाललेली असायची. गोष्ट सांगायला लागले की एका जागी बसवायचंच नाही. धुऱ्यावर मी येरझारा घालायची. "काय भरलं वं तुह्या अंगात?" माय ओरडायची.

पुढं मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला गेले. तिथं ती गोष्ट लिहून भाषेच्या बाईंना दाखवली. त्यांनी मन लावून वाचली. "कल्पना छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण रोही कुणाला कळणार? हरीण कर. आणि हे मले-तुले काढून टाक."

मी काढलं. मुलांच्या एका मासिकात गोष्ट छापून आली. सुटी लागताच अंक घेऊन घर गाठलं. बहीण आता वाचायला शिकली होती. तिनं उंबऱ्यात बसून सारी गोष्ट वाचली.

"चांगली हाये," ती म्हणाली. "पन आपल्या पिल्लाचं काय झालं?"

"हेच तर ते."

"हे तं हरीन हाये, ताई. आन् असं कोन बोलते?"

ती सुटी माझी धड गेली नाही. जेवताना उठायची, अंगणात जायची, परत यायची. अखेर पहिल्यापासून लिहायला घेतलं. रोही, सरकी, कुत्रे, बहिणीचे सगळे प्रश्न आणि आमचं बोलणं, सारं जसंच्या तसं ठेवलं. गोष्ट पाठवली, ती परत आली. दुसरीकडं पाठवली, तिथूनही परत आली. तोवर पुसदकडच्या एका खेड्यात मला नोकरी लागली. तिसऱ्या संपादकांनी होकार कळवला आणि रोहीचा अर्थ तेवढा खाली द्यायला सांगितलं. मी एका ओळीत दिला.

नवा अंक बहिणीनं शाळेत नेला. पोरींच्या हातांतून फिरून फिरून त्याचं मुखपृष्ठ निघून आलं, ते तिनं भातानं चिकटवलं. मला वाटलं होतं, आता तरी जिवाला स्वस्थता मिळेल. कुठली मिळायला! एसटीत बसून पुसदच्या बाजाराला निघालेली एक कोंबडी तेव्हा डोक्यात शिरली होती. कंडक्टर तिला तिकीट मागून राह्यला होता, आणि ती काय उत्तर देते ते काही केल्या मला सुचत नव्हतं.