लिंबापासून पायरीपर्यंत

"हलगीवाले इथंच थांबा. दारात."

काचेचं दार व्हतं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच. बोलणारा माणूस त्या कलाभवनाचा व्यवस्थापक. आमच्याकडं बघून बी म्हणला न्हाई, हातातल्या कागदाकडं बघत म्हणला. माझ्या बाजूला माझे वडील, अप्पा, उभे. वय पासष्टच्या पुढं. अंगात मी शिवलेलं नवं जाकीट, डाव्या खांद्याला हलगी. आन उजव्या हातात चपला.

चपला त्यांनी फाटकातच काढल्या व्हत्या. कुणी सांगितलं नव्हतं. फाटकावरचा चौकीदार म्हणला बी, "चप्पल पैन लेव चाचा, यां सब पैनकेच जाते." अप्पा नुसते हसले आन चपला हातातच ठिवल्या. खरं सांगते, मला आधी त्या व्यवस्थापकाचा राग आला न्हाई. आधी अप्पांच्या हातातल्या चपलांचा आला.

आमचं गाव दुबलगुंडीपासनं दोन कोसावर. घर मांगवाड्यात. जत्रेला देवापुढं हलगी लागती ती आमच्याच घरची. पण देवळाच्या गल्लीच्या तोंडाला लिंबाचं झाड हाय, तिथं आम्ही चपला काढायच्या. बाकीचं गाव देवळाच्या पायरीशी काढतं. लिंबापासनं पायरी शंभर पावलं. जत्रा उन्हाळ्याची. फरशी अशी तापती की पोरं उड्या मारत पळत्यात. तेवढी शंभर पावलं अप्पा अनवाणी वाजवत जायचे, आन पायरीच्या खाली थांबायचे. वर चढायचं न्हाई. लहान असताना मी इचारलं व्हतं, कामून? अप्पा म्हणले, आपली जागा हाय ती. झालं. त्यांच्या पायात ते इतकं मुरलंय, की मोठी इमारत दिसली की चपला आपोआप निघत्यात.

आन ही इमारत तर लई मोठी. जिल्ह्याच्या गावी तळ्याकाठी नवी बांधलेली. सगळी काच. संध्याकाळी दिवे लागले की आख्खी इमारत पाण्यात उलटी दिसती. आत मऊ खुर्च्या, थंडगार हवा, लाकडाचा मंच. तिथनं फोन आला तवा मी मशीनवर बसले व्हते, मी कपडे शिवते. बाई बोलली, लोककलेचा मान करायचा हाय, दहा मिनिटं मंचावर हलगी पाहिजे. मी अप्पांना सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट चार-चार डाव इचारली. माणसं बसून ऐकणार का?

तुमाला ह्यातलं कळायचं न्हाई. लग्नात आम्ही वाजवतो तवा माणसं नाचत्यात न्हाई तर जेवत्यात. मयतीत रडत्यात. जत्रेत देवाकडं बघत्यात. हलगीकडं तोंड करून, गप बसून, हलगी म्हणून हलगी कुणी ऐकलीच न्हाई. अप्पांनी पन्नास वर्सं वाजवलं आन पन्नास वर्सं कुणी त्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. ते म्हणायचे, मरायच्या आधी एकदा समोर बसलेली माणसं बघायचीत. म्हणून मी तिघांना सारखी जाकिटं शिवली, डाळिंबी रंगाची. अप्पा, माझा चुलता आन मी. आमच्यात बायका हलगी धरत नव्हत्या. चुलत भाऊ हैदराबादला कामाला गेला, हात कमी पडला, तवा अप्पांनी त्याची हलगी माझ्या गळ्यात घातली. मी धरली ती सोडलीच न्हाई.

तर दारात थांबा म्हणल्यावर मी त्या व्यवस्थापकाला म्हणलं, साहेब, फोनवर मंचावर म्हणले व्हते. तो म्हणला, तुमचं वाद्य तापवावं लागतं, आत विस्तव चालत नाही, धूर झाला तर भोंगा वाजतो. ही गोष्ट खरी हाय. हलगीचं कातडं जाळावर शेकल्याबिगर बोलत न्हाई. पण आम्ही पिशवीत वाळला कडबा घेऊनच आलतो. मी म्हणलं, बाहेर तळ्याच्या पायरीवर शेकतो आन तसंच आत येतो. शेकलेली हलगी दहा मिनिटं सहज टिकती. मग त्यानं कागद खाली केला, इकडं तिकडं बघितलं आन हळूच म्हणला,

"समजून घ्या ना. मंचाची पूजा झाली आहे आज. कातड्याचं वाद्य आहे."

तेवढ्यात आमच्या बाजूनं दोघंजण मृदंग घेऊन आत गेले. मखमलीच्या खोळीत, तान्हं लेकरू न्यावं तसं. मागनं तबला गेला. मी इचारलं, "मृदंगाला काय केळीचं पान लावलंय का, साहेब?"

त्यानं तीन घोंगड्या पुढं केल्या. जाकिटं काढा, ह्या घ्या, पाहुण्यांना गावाकडचं वाटलं पाहिजे. आवो, आमच्या घरात कधी घोंगडी नव्हती. घोंगडी धनगराची. आमचं गावाकडचं काय हे त्यानं ठरवायचं? चुलत्यानं घोंगडी खांद्यावर घेतली. अप्पा जाकिटाचं बटण काढायला लागले. एक काढलं, दुसरं काढलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन म्हणले, "माय, आता आलोय तर वाजवून जाऊ."

त्या डोळ्यांपुढं माझं काही चाललं न्हाई. तळ्याच्या पायरीवर कडबा पेटवला, हलग्या शेकल्या आन आम्ही दारात उभं राहिलो. अप्पांच्या चपला भिंतीच्या कडेला, जाकिटाची दोन बटणं तशीच उघडी, वरनं घोंगडी. माणसं यायला लागली. अत्तराचा वास, पैठण्या, कडक इस्त्रीची धोतरं. सगळ्यांच्या पायात बूट, चपला, आन तसेच सगळे आत जायलते. एक पोरगी अप्पांना न इचारता त्यांच्या गालाशी गाल नेऊन फोटो काढून गेली. थांबलं कुणीच न्हाई. अप्पा मातूर जीव तोडून वाजवायलते. दर खेपेला दार उघडलं की मान वाकडी करून आत बघायचे, खुर्च्या दिसत्यात का.

मग दार बंद झालं. आत कार्यक्रम सुरू. काच इतकी जाड की आतला आवाज बाहेर येत न्हाई आन बाहेरचा आत जात न्हाई. कुणीतरी बोलायलतं, माणसं टाळ्या वाजवायलती, हात हलताना दिसायलते, आवाज काहीच न्हाई. आमाला सांगितलं, मोठे पाहुणे यायचे राहिलेत, ते आले की वाजवा. एका जागी उभं राहवेना. तळ्यापतुर जायची, परत यायची. चुलता म्हणला, बस की गं. मला बसवेना, हलग्या परत शेकून आणल्या.

पाहुण्याची गाडी आली. व्यवस्थापक पळत बाहेर आला आन लांबूनच आमाला हातानं खूण केली, वाजवा. अप्पांनी सुरू केलं, चुलत्यानं धरलं, मी बी धरलं. पाहुणा गाडीतनं उतरून हलगीच्या चालीवर पावलं टाकत यायला लागला. आन मला एकदम दिसलं. माणसं हलगीच्या मागं चालत्यात. आमच्यात समद्यांना म्हाईत हाय, हलगी थांबली की मिरवणूक थांबती. नवरदेवाचं घोडं थांबतं. तिरडी बी थांबती. म्हणून हलगीवाल्यानं मधीच हात थांबवायचा न्हाई, ही अप्पांची पहिली शिकवण.

मी हात थांबवला. नुसता थांबवला न्हाई, पुढं व्हून अप्पांच्या हलगीवर पंजा दाबून धरला. कातडं अजून गरम व्हतं. चुलता आपोआप थांबला. आन तो पाहुणा, एवढा मोठा माणूस, वाटेत एक पाय पुढं टाकून उभा राहिला. त्यालाच कळंना कामून थांबलो.

मी म्हणलं, "आमाला आत वाजवायला बोलावलंय. आत वाजवू. दारात वाजवणार न्हाई."

पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मग व्यवस्थापकाकडं. "बघून घ्या काय ते," एवढं म्हणून आत गेला. दार लागलं. व्यवस्थापक माझ्याजवळ येऊन म्हणला, तुम्हाला आता जिल्ह्यात कोण बोलावतंय ते बघतो. मी घोंगड्यांची घडी घालून त्याच्या हातात दिली. अप्पांच्या चपला भिंतीपासनं उचलल्या आन त्यांच्या पायापाशी ठिवल्या. ते लई येळ चपलांकडं बघत राहिले. मग घातल्या. फाटकातनं बाहेर पडताना त्यांच्या पायात चपला व्हत्या, पण मान खाली व्हती.

अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. नवव्या दिवशी म्हणले, "दारात तर दारात. वाजवलं असतं तर आत बी बोलावलं असतं कधीतरी." मी म्हणलं, पायरीखाली पन्नास वर्सं वाजवलं, वर बोलावलं का? अप्पा उठून बाहेर गेले. माझ्यामुळं त्यांची मंचाची आस अधुरी राहिली, हे मला ठाऊक हाय. मशीनवर बसले की ते दार दिसतं, पाय पॅडलवरनं सुटतो, शिवण वाकडी जाती. वाईट वाटतं. पस्तावा मातूर न्हाई.

काल पंचांचा माणूस घरी आला. जत्रा पंधरा दिवसांवर आली, हलगी कोण कोण आणणार, इचारायला. अप्पा बाजेवर बसलेले. दर साली सांगायचं काम त्यांचंच. ह्या डावाला त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीच उठले.

"तिघं येऊ," मी म्हणलं. "पण चपला लिंबापाशी निघणार न्हाईत. तुमच्या जिथं निघतील, तिथंच आमच्या. आन तुमी पायरी चढला की आमी बी चढणार."

तो अप्पांकडं बघायला लागला, म्हातारा काहीतरी सावरून घेईल म्हणून. अप्पांनी पायानं बाजेखालच्या चपला पुढं ओढल्या, घातल्या आन तसेच बसून राहिले. माणूस चहा न पिता गेला. गावात आता बैठका चालल्यात. कुणी म्हणतं, हलगीबिगर जत्रा करू. कुणी म्हणतं, ह्यांना गावात काम देऊ नका.

करा काय करायचं ते. मी कडबा वाळत घातलाय. जत्रेदिवशी हलगी शेकणार ती लिंबाखालीच, आन तिथनं चपला घालून निघणार. शंभर पावलं हायत. कुणाला अडवायचं असंल, त्यानं मधी उभं राहावं. ह्या डावाला हात थांबणार न्हाई.